फिलूबायची पारख

"बूट ठेवा, पोरगा परत न्या."

पालीच्या मैदानावर एका रविवारी फिलूबाय हे बोलली, तेव्हा तो पोरगा तिच्यापासून चार हातांवर उभा होता. एकोणीस-वीस वर्षांचा, मुर्ध्याहून आलेला. बरोबर वडील. पोराच्या पायात कोरे नारिंगी बूट. मैदानाला दोन चकरा मारून, बॉल थोडा खेळवून तो घामाघूम होऊन आला होता आणि वडिलांनी मोठ्या हौसेनं विचारलं होतं, "काय मावशी, कसा वाटला आमचा?" फिलूबाय सुकायला घातलेले बोंबील उलटे करत होती. मान वर न करता तिनं उत्तर दिलं. मैदान हसलं. वडीलही हसले, कारण त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागले. पोरानं बूट काढलेसुद्धा नव्हते. डांबरी रस्त्यावर बुटांच्या तळाचे खिळे टकटक वाजत गेले, ते आम्हाला वळणापर्यंत ऐकू येत होते.

मी त्या गावात नवा होतो. गिरगावातली भाड्याची खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो होतो आणि मला पालीजवळच्या एका शाळेत मराठीच्या शिक्षकाची नोकरी लागली होती. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की 'मी मोठेपणी कोण होणार' या निबंधात वर्गातली अर्धी पोरं गावच्या टीममध्ये जायची. टीमचं नाव गलबत. पावसाळा संपून मैदान सुकलं की आजूबाजूच्या गावांच्या स्पर्धा सुरू होत, आणि त्याआधीचे पाच-सहा रविवार नवे खेळाडू पारखण्यात जात. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपली की मागच्या मैदानावर माणसं जमायची. नवी पोरं पळायची आणि कठड्यावर बसलेली जाणती मंडळी तावातावानं भांडायची. याला घ्या, तो बाहेरचा आहे, हा नुसता बॉलला चिकटतो, त्याला डावा पायच नाही. या जमण्याला गावात 'दुसरी मिस्सा' म्हणत. पहिलीला न दिसलेली बरीच तोंडं दुसरीला हजर असत. फादरना ते माहीत होतं, कारण कधीकधी तेही येत.

शेवटचा शब्द मात्र फिलूबायचा. तिचं घर एका गोलपोस्टच्या मागेच होतं. मध्ये फक्त बोंबील सुकवायची वलांडी, म्हणजे उभे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या. फिलूबाय साठीच्या आसपासची, काटक, काळीसावळी. लुगडं घट्ट कासोट्याचं आणि गळ्यात चांदीचा क्रूस. बोलताना ती बोट कधी दाखवायची नाही. हातात असेल तो सुका बोंबील समोरच्यावर रोखायची. तो बोंबील आपल्या दिशेनं वळला की भल्याभल्यांना घाम फुटे.

वलांडीत बॉल पडला तर तिचा नियम ठरलेला होता. पहिल्यांदा पडला की ती बॉल परत फेकायची. त्याच दिवशी दुसऱ्यांदा पडला, तर कोयत्यानं फाडून परत फेकायची. गलबतच्या पोरांचे शॉट जमिनीलगत राहतात म्हणून इतर गावं आमच्या कोचचं कौतुक करत. खरं श्रेय त्या कोयत्याचं होतं.

ती स्वतः कधी खेळली नव्हती. टीव्हीवरची मॅच तिला बघवत नसे. एकदा वर्ल्डकपच्या वेळी सावियोनं मैदानावर पडदा लावला होता. सावियो आमच्या कमिटीचा सेक्रेटरी, एरवी पालीला लागून असलेल्या उत्तनहून भाईंदरपर्यंत रिक्षा चालवायचा. फिलूबाय दहा मिनिटं बसली आणि उठली.

"काय झालं, मावशी?" सावियोनं विचारलं.

"सगळा वेळ बॉलच दाखवतात. माणसांचे पाय कुठं दिसतात?"

हीच तिची पारख. बॉल मैदानाच्या एका टोकाला असला की सगळं गाव तिकडे बघायचं, आणि फिलूबाय दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोराकडे बघत असायची. "बॉल पायात असला की कोणी बी हुशार दिसतो," ती मला म्हणाली होती. "बॉल न्हाय तवा तो काय करतो, तेवडंच बघायचं, मास्तर. कंबरेवर हात ठेवून उभा हाय? मग त्याला घरी पाठवायचा."

आणि ती खरंच घरी पाठवायची. नाहीतर नाव ठेवायची, आणि ते नाव जन्माला चिकटायचं. विल्सन नावाचा एक गोलकीपर होता. चांगला सहा फूट उंच, मनानं हळवा. एका मॅचमध्ये त्यानं चार गोल खाल्ले. पुढच्या रविवारी तो प्रॅक्टिसला आला तर फिलूबाय वलांडीतून ओरडली, "आला बघा चर्चचा दरवाजा! या, कोणी बी आत या!" तेव्हापासून तो दरवाजा झाला. त्याच्या लग्नाच्या पार्टीत माईकवाल्यानं सुद्धा "आता दरवाजा आणि त्याची नवरी" असं पुकारलं, आणि नवरीला हे आधी कोणी सांगितलेलं नव्हतं. ती सगळ्यांदेखत नवऱ्याला विचारत राहिली, "काय म्हणाला तो? काय म्हणाला?" विल्सन हसण्याचा प्रयत्न करत होता. त्यानंतर तो गोलमध्ये कधी उभा राहिला नाही.

मुर्ध्याचा तो नारिंगी बुटांचा पोरगा गेला, त्या दिवशी मी न राहवून तिला म्हणालो, "फिलूबाय, जरा सांभाळून बोलायला हवं होतं. बापासमोर."

तिनं माझ्याकडे बघितलं. नव्या मास्तरवर रागवावं की नाही, याचा ती विचार करत असावी.

"आज रडेल," ती म्हणाली. "उद्या बापाच्या धंद्याला लागेल. तुमी लोकांनी गोड बोलून त्याला पाच वर्सं बेंचवर बसवला असता. मग कोण रडलं असतं?" मग म्हणाली, "माजा नवरा गोड ऐकून ऐकून मेला."

तिचा नवरा जोकीम गलबतचा नावाजलेला खेळाडू होता, एवढं मला ठाऊक होतं. उरलेलं बस्त्यांव अंकलनं सांगितलं. अंकल जुना खलाशी, कठड्यावर सर्वांत आधी येऊन बसणारा. जोकीमला सगळे म्हणायचे, तू कंपनीच्या टीममध्ये जाणार, तुझ्यासारखा फॉरवर्ड मुंबईत नाही. त्यानं बोटीवर जाणं सोडलं. ट्रायलला जायचा, परत यायचा. पस्तिशीला आला तरी लोक तेच म्हणत होते, आणि तो त्याच लोकांबरोबर दारू प्यायला बसायचा. "आम्ही पण बोलायचो," अंकल म्हणाला. "आता काय, बोलायला काय जातं?" जोकीम गेला तेव्हा नेल्सन सहा वर्षांचा होता.

नेल्सन फिलूबायचा एकुलता एक मुलगा. मी पालीत आलो तेव्हा तो दहावीत माझ्या वर्गात होता, आणि पुढे मी त्याला गलबतचा कॅप्टन झालेला पाहिला. बापाइतका चमकदार नव्हता, पण मैदानात सगळीकडे असायचा. बॉल नसतानाही त्याचे पाय हलत असत. फिलूबायनं त्याचं कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नाही. पण तो चेंडू घेऊन निघाला की तिच्या हातातलं काम थांबायचं, एवढं मी पाहिलं होतं. गावातही नेल्सनला मान होता. तो आईला घेऊन बाजारात जायचा, तिच्या टोपल्या उचलायचा. तिच्या जिभेच्या तडाख्यातून सुटलेला तो एकटाच आहे, असं सगळे धरून चालले होते.

मग एका वर्षी फैझान आला. मीरा रोडचा, कुठल्यातरी जिममध्ये शिकवणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. नेल्सनच्याच जागेवर खेळायचा. पहिल्याच रविवारी कठड्यावर दोन तट पडले.

"बाहेरचा आहे, यार," सावियो म्हणाला. "एक सीझन खेळेल आणि जाईल. आपला कॅप्टन काय बेंचवर बसवायचा?"

"जाईल तेव्हा जाईल. तीन वर्षं झाली कप बघून," बस्त्यांव अंकल म्हणाला.

"नेल्सनला मागे खेळवा ना. डिफेन्सला."

"मागे पण धावायला लागतं, सावियो."

"मग? नेल्सन धावत नाय?"

अंकल मैदानातल्या नेल्सनच्या पायांकडे बघत राहिला. चार रविवार हेच चाललं. नेल्सन स्वतः काही बोलत नव्हता. शेवटच्या रविवारी टीम ठरवायची होती. सगळे कठड्यावर आणि कठड्याखाली जमले होते, नेल्सनही होता. घोटघोट पाणी पीत तो एका बाजूला उभा होता, आणि फैझान लांब एकटाच बूट सोडत बसला होता. सावियो वलांडीकडे वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही बोला. तुम्ही बोलाल तसं."

मला वाटतं सावियोला खात्री होती. आई आपल्या पोराविरुद्ध काय बोलणार?

फिलूबायनं हातातला बोंबील दोरीवर टांगला आणि ती मोकळ्या हातांनी कठड्यापर्यंत आली. "नेल्सनचा डावा गुडगा गेलाय," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. झोपताना खाली उशी घेतो. जिना उतरताना कठडा धरतो. रोज तेल मीच चोळते. हा दुसऱ्या हाफला उभा राहतो तो तुमाला फसवायला. नवा पोरगा घ्या."

नेल्सननं बाटलीचं झाकण लावलं. मग खाली बसून बूट काढले, आधी उजवा, मग डावा. डावा काढताना त्याला गुडघा सरळ ठेवावा लागला, आणि आता सगळे तिकडेच बघत होते, कारण कुठे बघायचं हे तिनं सांगितलं होतं. तो अनवाणी उठून घरात गेला. अर्ध्या तासानं एक बॅग घेऊन मागच्या दारानं निघाला. फिलूबाय वलांडीशीच होती. तिनं त्याला थांबवलं नाही.

"मावशी, हे घरी सांगायचं होतं," सावियो पहिल्यांदाच तिच्यावर आवाज चढवून म्हणाला.

"मी खोटं बोलले काय?"

खोटं नव्हतंच. फैझान टीममध्ये आला आणि त्या वर्षी गलबतनं कप जिंकला. फायनलला दोन्ही गोल त्याचे. मिरवणूक निघाली तेव्हा बँडवाले फिलूबायच्या दारात थांबून वाजवत राहिले, आणि ती दारात उभी राहून बघत होती. पुढच्या सीझनला फैझान मुंबईच्या एका मोठ्या टीमकडे गेला. "जाणारच होता," फिलूबाय म्हणाली.

नेल्सन मीरा रोडला राहू लागला. एसी दुरुस्तीचं काम करायचा. तिच्याशी बोलणं त्यानं बंद केलं ते बंदच. दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं. शेरॉन नावाची मुलगी, नर्सचं काम करणारी. लग्नाचं कार्ड फिलूबायला सावियोच्या हातून आलं, गावातल्या इतर घरांना आलं तसंच, त्याच गठ्ठ्यातून. ती लग्नाला गेली. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली, जेवण न घेता परत आली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून निघताना ती बोंबील उलटे करताना दिसली. "कसं झालं लग्न?" मी विचारलं. "मुलगी चांगली हाय," ती म्हणाली. "चालताना पाय सरळ टाकते."

पुढच्याच्या पुढच्या वर्षी कमिटीनं नेल्सनला कोच म्हणून परत बोलावलं. तो यायला तयार झाला याचं सगळ्यांना नवल वाटलं. तो दर रविवारी मैदानाच्या मधोमध शिट्टी घेऊन उभा राहायचा. फिलूबाय वलांडीशी. मध्ये तीस पावलं असतील. तिकडे तो मान वळवत नसे. पण फिलूबाय मात्र त्या वर्षी खूप बोलू लागली. पूर्वी ती एका वाक्यात निकाल लावायची. आता प्रत्येक नव्या पोराबद्दल मोठ्यानं, लांबलचक बोलायची. याचा उजवा पाय आधी पडतो, याला बॅकवरून फॉरवर्डला आणा, त्याला उन्हात पळवू नका. हे सगळं कठड्याकडे तोंड करून, पण आवाज मैदानाच्या मध्यापर्यंत जाईल असा. कोणासाठी बोलते ते आम्हाला कळत होतं. त्याला कळत होतं की नाही, माहीत नाही. तो शिट्टी वाजवायचा आणि पुढच्याला बोलवायचा.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की फिलूबायला दिसत नाही.

एकदम लक्षात आलं नाही. ती आता पोरांना कपड्यांच्या रंगावरून ओळखायची, "तो निळा, तो पिवळा". मी समोर जाऊन उभा राहिलो तरी बोलेपर्यंत ओळखायची नाही. बोंबील हातानं चाचपून उलटायची. एकदा तिनं वासराला पोरगा समजून हाकलताना शिवी दिली आणि मग स्वतःच सावरून घेतलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ती तो लपवत होती. गावात तिची जी काही जागा होती ती नजरेमुळे होती, ती गेली तर उरणार काय? आणि त्या वर्षी तर मैदानाच्या मधोमध नेल्सन उभा होता.

हे मी कोणाला सांगायला नको होतं. एका संध्याकाळी सावियोच्या रिक्षातून भाईंदरला येताना सहज बोलून गेलो, "तुमची फिलूबाय आता आंधळेपणानं टीम निवडते बरं का." गंमत म्हणून बोललो. सावियोनं आरशातून माझ्याकडे बघितलं. "काय सांगता, सर?" मग मी सगळं सांगितलं, रंगांचं, वासराचं. रिक्षा थांबेपर्यंत आम्ही बोलतच होतो.

त्यानंतरच्या रविवारी मैदानावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. विल्सनही आला होता, तो बऱ्याच वर्षांनी. मला वाटलं, टीम ठरायचा दिवस जवळ आला म्हणून असेल. मग सावियो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "सर, बघा आता मजा."

जोएल नावाचा नवा पोरगा होता, फिलूबायनं अजून आवाज न ऐकलेला. त्याला पिवळी जर्सी घालून मैदानात सोडलं. तो पळाला, बॉल खेळवला, परत आला. सावियो ओरडला, "मावशी, हा राई गावचा. कसा आहे?"

फिलूबायनं डोळे बारीक केले. "पाय हलका हाय. डोकं न्हाय. बेंचवर ठेवा."

जोएलनं कठड्यामागे जाऊन जर्सी बदलली. निळी घातली. पुन्हा पळाला. "हा भाईंदर ईस्टचा, मावशी."

"हां, हा बरा," ती म्हणाली. "बॉल नसताना बी जागा हाय. आधीच्याहून शंभर पटीनं बरा. याला घ्या."

मैदान हसलं. फिलूबायला वाटलं, आपल्या बोलण्याला हसले, नेहमी हसायचे तसे. ती सुद्धा हसली. किती दिवसांनी तिच्या बोलण्यावर असं हसू उठलं होतं. तिच्या आवाजाला धार चढली.

तिसऱ्यांदा जोएल लाल जर्सीत धावला. आता तो दमला होता. दोन-तीन जणांनी मोबाईल वर धरले होते. विल्सन सगळ्यांत पुढे उभा होता.

"हा आपल्या उत्तनचा," सावियो म्हणाला. त्याला शब्द नीट काढता येत नव्हते.

"उत्तनचा? कोणाचा हा? बापानं लाडावून ठेवलाय," फिलूबाय बोंबील नाचवत म्हणाली. "बघा, दहा पावलांत धापा टाकतोय! अरे, त्या निळ्याकडून शिक जरा! त्याच्या पायाचं पाणी पी!"

माणसं कठड्यावर वाकून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होती. जोएल मधोमध उभा राहून पोट धरून हसत होता. फिलूबाय हसऱ्या तोंडानं या आवाजाकडे, त्या आवाजाकडे वळत होती. आणखी काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं होतं.

नेल्सन मैदानाच्या मधून चालत आला. त्याची चाल ऐकूनच ती गप्प झाली असावी. गुडघ्यामुळे एक पाऊल जरा उशिरा पडायचं. तो वलांडीपाशी थांबला.

"आय," तो म्हणाला.

चार वर्षांत तो तिच्याशी पहिला शब्द बोलला होता. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचं वर्णन मी करणार नाही. तिनं हात पुढे केला.

"आय, तिन्ही वेळा एकच पोरगा होता."

हसणं थांबलं.

"कोण?" ती म्हणाली.

"जोएल. तीन वेळा तोच धावला. कपडे बदलून."

तिचा हात तसाच राहिला. तिनं विचारलं, "तू कवापासून बघतोस?"

नेल्सन म्हणाला, "पहिल्यापासून."

तिनं मान हलवली, समजल्यासारखी. मग वळली. घर दहा पावलांवर होतं, पण ती एकदम निघाली नाही. हातानं चाचपडून तिनं वलांडीचा पहिला बांबू शोधला. मग दुसरा. असे एकेक बांबू धरत ती दारापर्यंत गेली. आता लपवायचं काही कारण राहिलं नव्हतं. कोणीही तिला हात द्यायला पुढे झालं नाही. नेल्सननं शिट्टी वाजवली आणि पोरांना परत मैदानात बोलावलं.

तो व्हिडिओ उत्तनपासून मीरा रोडपर्यंत सगळ्यांच्या फोनवर गेला. माझ्या वर्गातल्या पोरांनी तो मला दाखवला. मधल्या सुट्टीत एक मुलगा डोळे बारीक करून, हातात पट्टी धरून फिलूबायची नक्कल करायचा. मी त्याला दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. त्यापलीकडे काही केलं नाही.

नेल्सन एकदा शाळेपाशी भेटला. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "सर, मी तिला खरं तेच बोललो. बाकीचे सगळे खोटं बोलत होते."

"तुला पहिल्याच वेळी थांबवता आलं असतं," मी म्हणालो.

"तुम्हाला पण," तो म्हणाला, आणि एसीची नळी खांद्यावर टाकून निघून गेला.

फिलूबायनं मैदानाच्या बाजूला निळी ताडपत्री लावून घेतली. वलांडीही तिनं पलीकडच्या अंगाला हलवली. बॉल ताडपत्रीवर आदळला तरी आतून आवाज येत नसे. दुसरी मिस्सा भरत राहिली, पण वाद मिटेनात. कोणाच्याच शब्दाला वजन नव्हतं, तेव्हा ज्याचा मामा कमिटीत त्याचा भाचा टीममध्ये, असं होऊ लागलं. जोएल टीममध्ये आला. त्याला सगळे 'तिघं' म्हणायचे. तो चिडायचा, आणि त्यामुळे आणखी म्हणायचे. गलबत त्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

पुढच्या मार्चमध्ये, शाळेच्या परीक्षा चालू असताना, मी उत्तनहून भाईंदरच्या बसमध्ये चढलो. पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो आणि बघतो तर खिडकीपाशी फिलूबाय. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. आम्हा दोघांच्या मध्ये शेरॉन.

"सर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं," शेरॉन म्हणाली. "आज तपासायला बोलावलंय. दुसरा पुढच्या महिन्यात."

"नेल्सन?"

"तो येत नाय. संध्याकाळी मला विचारतो, डॉक्टर काय बोलले." तिनं फिलूबायचा पदर सारखा केला. "रोज विचारतो."

फिलूबाय खिडकीबाहेर बघत होती. खाडीकडून वारा येत होता आणि तिचे पिकलेले केस उडत होते. तिची तब्येत उतरली होती. बसनं राई मागे टाकलं तेव्हा ती बाहेरच बघत म्हणाली, "मास्तर, तू बी होतास त्या दिवशी."

"होतो, फिलूबाय."

"हसलास?"

शेरॉननं मान खाली घातली. माझ्या मांडीवर सातवीचे मराठीचे पेपर होते.

"नाही," मी म्हणालो.

तिनं चष्मा काढला. एक डोळा अजून पांढुरका होता. दुसरा लाल, ओलसर, पण स्वच्छ. त्या एका डोळ्यानं ती माझ्याकडे बघत राहिली. किती वर्षांनी बघत होती कोणास ठाऊक. त्या नजरेत राग मला शोधूनही सापडला नाही.

"डोळे गेलते, मास्तर," ती म्हणाली. "कान न्हवते गेले."

कंडक्टरनं हॉस्पिटलचा स्टॉप पुकारला. शेरॉन उठली, तिनं फिलूबायच्या दंडाला धरलं.

"सरक," फिलूबाय मला म्हणाली. "आमाला उतरायचंय."

मी पाय बाजूला घेतले.